नोंद नसलेले ऑप्शन

नेटवर्क इंटरफेस तपासणाऱ्या कुठल्याही कमांडचे ऑप्शन दोन ठिकाणी असतात: एक मॅन पेजवर आणि दुसरं प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये. ही दोन्ही ठिकाणं जुळतात असं आपण धरून चालतो आणि एरवी त्यात काही बिघडतही नाही. पण सर्व्हरचं कार्ड पॅकेट गाळू लागतं, लिंक उगाच खाली-वर होते, नेहमीच्या चार कमांडा चालवूनही काही हाती लागत नाही, आणि मग प्रश्न पडतो की या प्रोग्रॅमला अजून काही विचारता येतं का. बहुधा येतं. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही म्हणून रानातली विहीर बुजत नाही. अशा नोंद नसलेल्या ऑप्शनचा शोध हा या पुस्तकाचा विषय आहे, पण इथे गुप्त मंत्रांची यादी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. माझ्या मते लपलेला ऑप्शन ही मुळात दुय्यम गोष्ट आहे. इंटरफेसबद्दल कर्नलला काय काय माहीत आहे आणि हातातला प्रोग्रॅम त्यातलं किती विचारतो, हे ज्याला वाचता येतं त्याला ऑप्शन सापडायला फारसा वेळ लागत नाही. ज्याला ते वाचता येत नाही, त्याला मॅन पेजवर ठळक छापलेला ऑप्शनही निम्माच उपयोगी पडतो.

मुळात ही तफावत पडते कशी? यात कुणाचा डाव असतो असं मानायचं कारण नाही. आयएफकॉन्फिग ही कमांड ४.२ बीएसडीमध्ये, म्हणजे १९८३ साली आली. पुढे लिनक्सवर अलेक्सेई कुझनेत्सॉव्ह यांनी आयप्रूट२ हा संच लिहिला आणि त्यातल्या आयपी कमांडसाठी स्वतः एक सविस्तर संदर्भपुस्तिकाही तयार केली. तिच्यावर १४ एप्रिल १९९९ ही तारीख आहे. पण त्याच संचातल्या एसएस या कमांडची गोष्ट पाहा. प्रोग्रॅम कुझनेत्सॉव्ह यांचा, मॅन पेज मात्र डेबियन प्रकल्पासाठी दुसऱ्याच एका स्वयंसेवकाने लिहिलेलं, आणि खुद्द त्या पानाच्या तळाशी तसं नमूद आहे. डेबियनच्या धोरणानुसार प्रत्येक प्रोग्रॅमला मॅन पेज हवं आणि ते नसणं हा बग मानला जातो. या नियमामुळे कितीतरी पानं लिहिली गेली. ती लिहिणाऱ्याने प्रोग्रॅम बाहेरून पाहिलेला असतो. लेखक एक, नोंद करणारा दुसरा, आणि दोघांचं वेळापत्रक तिसऱ्याच्या हातात, अशी ही व्यवस्था आहे. कर्नलमध्ये एखादं नवं मोजमाप आलं की ते दाखवणारा छोटा पॅच आयपीमध्ये शिरतो, आणि मॅन पेजची ओळ मागाहून येते किंवा येतच नाही.

अर्थात सगळंच विसरभोळेपणातून होत नाही. सिस्कोच्या आयओएसमध्ये काही कमांडा मुद्दाम झाकलेल्या असतात. प्रश्नचिन्ह टाइप केलं की येणाऱ्या मदतीत त्या दिसत नाहीत, टॅब दाबून पूर्ण होत नाहीत, आणि तरीही अक्षरन् अक्षर टाइप केलं तर चालतात. सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. दुसऱ्या कंपनीचं ऑप्टिकल मॉड्यूल स्विचने नाकारलं की नेटवर्कवाले हीच कमांड देतात, आणि स्विच एक लांबलचक इशारा छापून ती मान्य करतो. ही लपवाछपवी व्यापारी आहे, तिच्यामागचा हेतू स्पष्ट आहे, आणि तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो तिसरा प्रकार: नोंद आहे, पण अर्धी. आयपी कमांडच्या मॅन पेजवर -एस या ऑप्शनबद्दल लिहिलंय की याने जास्त माहिती मिळते आणि तो दोनदा दिला तर माहिती आणखी वाढते. नेमकी कोणती माहिती वाढते, हे तिथे नाही.

ती कोणती, हे जवळून पाहण्यासारखं आहे. ‘आयपी -एस -एस लिंक’ असं चालवलं की पाठवलेल्या पॅकेटांच्या आकड्यांखाली चुकांची आणखी एक ओळ उमटते आणि तिच्या शेवटच्या रकान्यावर ‘ट्रान्सन्स’ असं शीर्षक दिसतं. स्तंभ अरुंद असल्यामुळे मधली अक्षरं गाळलेला हा ट्रान्झिशन्स आहे. लिंक आजवर किती वेळा वरून खाली आणि खालून वर गेली, त्याची ही मोजणी. हाच आकडा /सिस/क्लास/नेट या डिरेक्टरीत इंटरफेसच्या नावाखाली ‘कॅरियर_चेंजेस’ या फाइलमध्येही असतो. ही फाइल कर्नल ३.१५ मध्ये, म्हणजे २०१४ साली आली, आणि ४.१६ पासून वर जाण्याची आणि खाली येण्याची मोजणी वेगवेगळ्या फाइलींतही मिळू लागली. केबल सैल आहे की पलीकडचा स्विच अधूनमधून रिस्टार्ट होतोय, अशा संशयात हा एकच आकडा तासाभराची शोधाशोध वाचवतो. तो लपवलेला नव्हता. फक्त दुसरा -एस दिला की नेमकं काय मिळेल हे कुणी सांगितलं नव्हतं आणि शीर्षकावरून अर्थ लागत नव्हता. आता हे ज्ञान कुठून मिळालं ते पाहा. मॅन पेज पुन्हा वाचून ते मिळणार नव्हतं. आयपीच्या सोर्समध्ये तो रकाना कोणत्या मूल्यावरून छापला जातो हे पाहिलं, त्या मूल्याचं कर्नलमधलं नाव काढलं, की उलगडा झाला. या पुस्तकात वारंवार वापरलेली पद्धत हीच आहे.

शोधाची पहिली पायरी मात्र याहून साधी असते. प्रोग्रॅमची स्वतःची मदत आणि मॅन पेज या दोन गोष्टी वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या असतात. दोन्हीतले ऑप्शन काढून शेजारीशेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. आयपीसारख्या कमांडमध्ये तर मदतीचेही थर आहेत: ‘आयपी लिंक हेल्प’ एक सांगते, आणि प्रकाराचं नाव घेऊन, उदाहरणार्थ व्हीलॅनसाठी, मदत मागितली तर ती वेगळंच सांगते. पुढची पायरी म्हणजे बायनरीतली वाचता येणारी अक्षरं. स्ट्रिंग्ज ही कमांड चालवून त्या गर्दीत नीट पाहिलं तर गेटऑप्ट वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक निरर्थक दिसणारी अक्षरांची माळ सापडते. ती निरर्थक नसते. त्यातलं प्रत्येक अक्षर म्हणजे एक ऑप्शन, आणि अक्षरापुढे अपूर्णविराम असेल तर त्या ऑप्शनला सोबत काहीतरी द्यावं लागतं. मॅन पेजवर आठ अक्षरं असतील आणि माळेत दहा, तर उरलेल्या दोघांची चौकशी करायची. आयपीच्या बाबतीत मात्र हा मार्ग बंद आहे, कारण तिच्या मुख्य प्रोग्रॅममध्ये गेटऑप्ट नाही; शब्द एकामागून एक तपासले जातात. त्यातून एक गंमत निघते. ‘आयपी आर’ असं लिहिलं तर ते रूट समजलं जातं, रूल नाही. ‘आयपी एल’ म्हणजे लिंक, एलटूटीपी नाही. याचं कारण एवढंच की सोर्समधल्या तक्त्यात रूट हे रूलच्या आधी आणि लिंक हे एलटूटीपीच्या आधी लिहिलंय. दिवसातून शंभरदा वापरली जाणारी ही आखूड रूपं म्हणजे एका तक्त्यातल्या ओळींचा क्रम आहे.

बायनरी आणि सोर्स वाचूनही भागलं नाही तर प्रोग्रॅम कर्नलशी काय बोलतो ते ऐकायचं. लिनक्सवर त्यासाठी एसट्रेस आहे. आयएफकॉन्फिग त्याखाली चालवली तर ती /प्रॉक/नेट/डेव्ह ही फाइल उघडताना आणि एकेका इंटरफेसबद्दल आयओसीटीएलने तुटक प्रश्न विचारताना दिसते. आयपी चालवली तर ती नेटलिंकवरून एकच मागणी करते आणि उत्तरात प्रत्येक इंटरफेसच्या गुणधर्मांचा भला मोठा गठ्ठा घेते. हा फरक समजला की एक मोठा शोध सुरू होण्याआधीच संपतो. एकाच कार्डावर आयपी कमांडने लेबल न देता दुसरा पत्ता लावला असेल तर लिनक्सची जुनी आयएफकॉन्फिग तो दाखवत नाही. लोक मग तिचा एखादा छुपा ऑप्शन शोधत बसतात. तसा ऑप्शन असूच शकत नाही, कारण ती ज्या रीतीने विचारते त्या रीतीला नावामागे एकच पत्ता मिळतो. जो प्रश्न प्रोग्रॅम विचारतच नाही त्याचं उत्तर कुठल्याही अक्षरामागे दडलेलं नसतं. म्हणून मी म्हणतो की शोध कर्नलकडून वर यावा. माहिती तिथे आहे का, ती कोणत्या वाटेने बाहेर येते, हातातला प्रोग्रॅम त्या वाटेवर आहे का, आणि मग शेवटी ऑप्शन कोणता. आपण नेमकं उलट करतो.

इथवरचं मान्य करूनही कुणी म्हणेल की हा सगळा खटाटोप विरळा वापरल्या जाणाऱ्या ऑप्शनसाठी आहे, नोंद असलेले ऑप्शन नव्वद टक्के कामाला पुरतात. मला ही समजूत जास्त धोक्याची वाटते, कारण नोंद असलेला ऑप्शन नोंद नसलेला आकडा छापू शकतो. इंटरफेसच्या आकडेवारीतला ‘ड्रॉप्ड’ हा रकाना घ्या. आयएफकॉन्फिग तो दाखवते, आयपी दाखवते, देखरेख करणारी प्रत्येक यंत्रणा त्याचा आलेख काढते. २०११ च्या सुरुवातीला कर्नल २.६.३७ आला आणि त्या रकान्यात पूर्वी न मोजली जाणारी पॅकेटं मोजली जाऊ लागली: या यंत्राला न कळणाऱ्या प्रोटोकॉलची, किंवा इथे बांधलेलाच नाही अशा व्हीलॅनची. कार्ड धडधाकट, केबल धडधाकट, फक्त शेजारचा स्विच आपली काही खाजगी पॅकेटं सगळीकडे सोडतोय, आणि सर्व्हरवरचा ड्रॉप्डचा आकडा संथपणे चढतोय. कर्नल बदलल्यावर असा चढता आकडा पाहून कार्ड बदलायला निघणारा माणूस मूर्ख नसतो. त्याच्या मॅन पेजवर त्या रकान्याचा अर्थच नसतो. या मूलभूत आकड्यांच्या व्याख्या कर्नलच्या कागदपत्रांत काटेकोरपणे लिहिण्याचं काम २०२० साली झालं. तोवर प्रत्येक ड्रायव्हर लिहिणारा ‘मिस्ड’, ‘ओव्हर’, ‘फिफो’ या शब्दांचा आपापल्या परीने अर्थ लावत होता.

कार्ड आणि ड्रायव्हरची माहिती देणाऱ्या ईथटूल या कमांडमध्ये तर ही अर्धी नोंद उघडउघड मान्यच केलेली आहे. कॅपिटल एस दिला की कार्डाची आणि ड्रायव्हरची खास आकडेवारी मिळते, इतकंच मॅन पेज म्हणतं. खाली उमटणाऱ्या डझनांवारी नावांबद्दल ते काही बोलत नाही, बोलूही शकत नाही, कारण ती नावं ड्रायव्हर ठरवतो. इंटेलच्या ई१०००ई या ड्रायव्हरमध्ये ‘आरएक्स_नो_बफर_काउंट’ आणि ‘आरएक्स_मिस्ड_एरर्स’ असे दोन आकडे असतात. पहिला सांगतो की पॅकेट आलं तेव्हा यजमान यंत्राने पुढचा बफर मोकळा करून दिला नव्हता. ते पॅकेट कार्डाच्या पोटातल्या जागेत थांबून वाचलेलंही असू शकतं. दुसरा सांगतो की ती जागाही भरली आणि पॅकेट गेलं. पहिला वाढतोय आणि दुसरा शून्य आहे, तर यंत्राला धाप लागली आहे पण नुकसान अजून झालेलं नाही. दोन्ही वाढताहेत तर रिंग वाढवा, नाहीतर सीपीयूचं काय चाललंय ते पाहा. हे निदान कुठल्याही ऑप्शनच्या वर्णनात मिळत नाही. ते ड्रायव्हरच्या सोर्समध्ये आणि चिपच्या डेटाशीटमध्ये मिळतं. कर्नल ५.१३ पासून, म्हणजे २०२१ मध्ये, ईथटूलमध्ये प्रमाणित गटांनुसार आकडेवारी मागायची सोय झाली. हा चांगला बदल आहे, पण ड्रायव्हरने ती पुरवायला हवी, आणि जुन्या यंत्रांवर ती सोय नाही.

आता खऱ्या आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप धोक्याचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. अनोळखी ऑप्शन चालत्या सर्व्हरवर चालवून पाहणं हा अविचार आहे, कारण नेटवर्कच्या जगात पाहणारी आणि बदलणारी कमांड बहुतेक वेळा एकच असते. पुन्हा ईथटूलच पाहा. तिच्यात सर्वसाधारण रीत अशी की स्मॉल अक्षर दाखवतं आणि तेच कॅपिटल अक्षर बदलतं: स्मॉल जी रिंगचा आकार दाखवतो, कॅपिटल जी तो बदलतो, स्मॉल के ऑफलोडच्या सोयी दाखवतो, कॅपिटल के त्या चालू-बंद करतो. ही रीत पाठ झालेल्या माणसाला एस या अक्षरावर ठेच लागते, कारण तिथे उलटं आहे. कॅपिटल एस आकडेवारी दाखवतो आणि स्मॉल एस वेग, डुप्लेक्स वगैरे बदलतो. स्मॉल टी स्वचाचणी घेतो, आणि प्रकार न सांगता चालवला तर ऑफलाइन चाचणी धरतो, म्हणजे कार्डाचं चालू काम मध्येच थांबू शकतं. कॅपिटल ई तर कार्डाच्या ईईप्रॉममध्ये लिहितो. चुकून तसं होऊ नये म्हणून त्या कार्डापुरता ठरलेला एक मॅजिक आकडा सोबत द्यावा लागतो. ही खबरदारी उगाच नाही. २००८ साली कर्नल २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांत एका बगमुळे इंटेलच्या काही कार्डांची अंतर्गत मेमरी खराब झाली आणि ती कार्डं निकामी झाली. तिथे ऑप्शनचा काही संबंध नव्हता, पण कार्डाच्या त्या कोपऱ्यात चुकीचं लिहिलं गेलं की काय होतं ते सगळ्यांना कळलं. तेव्हा ए पासून झेड पर्यंत अक्षरं लावून पाहण्याचा जो मार्ग काही उत्साही मंडळी सुचवतात तो या पुस्तकात कुठेही नाही. आधी वाचायचं, अक्षरामागे सोर्समध्ये कोणतं फंक्शन आहे ते पाहायचं, ते कर्नलकडे फक्त मागतं की काही देतं हे ठरवायचं, आणि मग व्हर्च्युअल मशीनवर चालवायचं. हा आक्षेप माझ्या मुद्द्याला बळच देतो: वाचता न येणाऱ्याच्या हातात ऑप्शन देऊ नये.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. ज्याची नोंद नाही त्याची हमी नाही. उद्या नवी आवृत्ती आली आणि ऑप्शन गेला तर तक्रार कुणाकडे करणार? मॅकवरच्या एअरपोर्ट या कमांडचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. ही कमांड अॅपलच्या एका प्रायव्हेट फ्रेमवर्कच्या डिरेक्टरीत खोल दडलेली होती, नेहमीच्या पाथमध्ये नव्हती. लोक तिच्याकडे सिमलिंक करून ती वापरत. कॅपिटल आय दिला की वायफायच्या सिग्नलची ताकद, नॉइज, चॅनल असं सगळं एका पानात मिळायचं, आणि त्यावर किती स्क्रिप्टा उभ्या राहिल्या याची गणती नाही. २०२४ च्या मार्चमध्ये मॅकओएस १४.४ आलं आणि कमांड चालवल्यावर माहितीऐवजी एक सूचना मिळू लागली की हे साधन कालबाह्य झालंय, डब्ल्यूडीयूटिल वापरा. स्क्रिप्टा एका रात्रीत मुक्या झाल्या. यातून धडा जरूर घ्यावा, पण तो नेमका कोणता? नोंद असलेली साधनं तरी कुठे टिकली? आयएफकॉन्फिगइतकी नोंद क्वचितच कुठल्या कमांडची झाली असेल. सगळ्या पाठ्यपुस्तकांत ती आहे. तरीही २०१७ च्या डेबियन ९ पासून ती मूळ मांडणीत येत नाही. नेट-टूल्स वेगळं बसवावं लागतं. भेद नोंदीचा नसून वापराचा आहे. रात्रपाळीत लिंक पडली असताना एकदा पाहण्यासाठी वापरलेला ऑप्शन उद्या गेला तरी आजचं निदान खोटं ठरत नाही. तोच ऑप्शन कायमच्या देखरेखीच्या स्क्रिप्टमध्ये घालणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे /सिस/क्लास/नेट मधल्या फाइलींसारखी वाट घ्यावी. त्या कर्नलच्या एबीआय कागदपत्रांत नोंदलेल्या आहेत, आणि कोणती फाइल कोणत्या आवृत्तीपासून आहे हेही तिथे लिहिलेलं आहे.

तिसरा आक्षेप आजकालचा: हे सगळं शोधून मिळतं, विचारलं की यंत्रही सांगतं, मग एवढं वाचायचं कशाला? थोडक्यात उत्तर देतो. अशा उत्तरात आवृत्ती बहुधा नसते. लिनक्सच्या आयएफकॉन्फिगला -एस दिला तर ती नेटस्टॅटसारखा आखूड तक्ता छापते; बीएसडीच्या आयएफकॉन्फिगमध्ये ते नाही. फ्रीबीएसडीवर -व्ही दिला तर ऑप्टिकल मॉड्यूलची माहिती मिळते. लिनक्सवर तेच काम ईथटूलच्या -एम ने होतं. घरच्या राउटरमध्ये बिझीबॉक्स असेल तर तिथली आयपी ही नावाचीच आयपी, निम्मे ऑप्शन गायब. मॅकवर आयपी मुळात येतच नाही. आयतं उत्तर कोणत्या यंत्राचं हे तपासायला जे वाचन लागतं, तेच वाचन ऑप्शन शोधायलाही लागतं.

शेवटी सापडलेल्या ऑप्शनचं काय करायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे. आपल्या वहीत टिपून ठेवणं पुरेसं नाही. आयप्रूट२ आणि ईथटूल यांची मॅन पेजं सोर्सच्या शेजारीच असतात, आणि तिथे दोन ओळींची भर घालणारा पॅच पाठवायला कर्नलमधला तज्ज्ञ असावं लागत नाही. एसएसचं मॅन पेज असंच बाहेरच्या माणसाने लिहिलं. त्यामुळे या पुस्तकातले काही ऑप्शन ते वाचकाच्या हाती पडेपर्यंत नोंद नसलेले राहिलेले नसतील. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला कोणती आवृत्ती तपासली ते दिलं आहे. आपल्या यंत्रावरची आवृत्ती त्याहून नवी असेल तर आधी मॅन पेज उघडावं.